खोलीखालचा जाळ

ओकदानच्या घागऱ्याला तिसरं भोक पडलं, तेव्हा दव गोठायला लागून आठवडाही झाला नव्हता.

चुलीत तडाड करून काहीतरी फुटलं, हरभऱ्याएवढा निखारा उडाला आणि नेमका तिच्या मांडीवर पडला. तिने तो झटकला, वरून ओला हात फिरवला. तोवर कापड जळल्याचा वास सुटला होता. बाहेर अंगणात सासरा लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड थांबवली नाही. दोन घावांच्या मधल्या वेळात तो म्हणाला, "चेस्टनट घातलंस."

त्याने पाहिलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं.

"लाकूड ते लाकूड, मामंजी," ओकदान आतून म्हणाली. "सगळी जळतातच की."

बाहेर म्हाताऱ्याचा पुढचा घाव जरा जोरात बसला.

ओकदान समुद्राकाठची. तिच्या माहेरी भाताचा पेंढा जळायचा, भाताचं फोलपट जळायचं. मूठभर पेंढा चुलीत सरकवायचा, तो भुर्रकन पेटायचा, पुन्हा मूठभर. पेंढ्याला नाव नव्हतं, जात नव्हती. लग्न होऊन ती डोंगरात सुत्कोलला आली. या गावात भात पिकत नव्हता. बटाटा, मका आणि जव. आणि सासरा असा की धुरांड्यातून निघणारा धूर पाहूनच सांगायचा, आज कुणाच्या चुलीत काय जळतंय.

सासऱ्याचं नाव फानदोल. तीस वर्षं त्याने वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. आता गुडघा धरला म्हणून खाली आला होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, ती कुठे गेली हे तो कुणाला सांगत नसे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दोक्पे बटाटे काढून झाल्यावर दक्षिणेकडे कोळशाच्या खाणीत कामाला गेला. बायकोला सातवा महिना असताना गेला, कारण खाणीत जागा निघाली ती तेव्हाच. जाताना तो बापाला म्हणाला, "बाबा, तिच्याकडे बघा." बाप म्हणाला, "तू खाणीच्या छताखाली डोकं सांभाळ."

घराला दोन खोल्या आणि दोन चुली. स्वयंपाकघरातल्या चुलीत जाळ केला की धग मोठ्या खोलीच्या जमिनीखालच्या दगडी नळ्यांतून जायची, आणि पलीकडच्या धुरांड्यातून धूर बाहेर पडायचा. म्हाताऱ्याच्या धाकट्या खोलीची चूल बाहेरच्या अंगाला होती. ती तो स्वतःच पेटवायचा.

त्या वर्षी सगळ्यांचीच पंचाईत झाली होती. लढाईत आणि लढाईनंतर डोंगर इतके बोडके झाले होते, की पावसाळ्यात दरडी खाली यायच्या. सरकारने चिडाला, त्या सुईसारख्या पानांच्या झाडाला, हात लावायचा नाही असा हुकूम काढला. उभं झाड तर नाहीच, हिरवी फांदीही नाही. जंगलाचा शिपाई घराघरात शिरून जळणाच्या राशी उचकायचा. बायका चिडाच्या वाळक्या सुया पोत्यात भरून आणायच्या आणि त्यासुद्धा गवताखाली लपवायच्या.

ओकदानला वर चढवत नव्हतं. ओक होते ते सगळे डोंगराच्या वरच्या खांद्यावर, तासाभराच्या चढावर. चीड मात्र घराच्या मागेच. एका दुपारी सासरा रानात गेलेला असताना तिने कोयता घेतला आणि खालच्या पाच फांद्या तोडल्या. घरी आणून जवाच्या पेंढ्याखाली सारल्या.

तिसऱ्या दिवशी शिपाई आला. तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा, नवी टोपी. त्याने काठीने पेंढा बाजूला केला. फांद्यांच्या टोकांना अजून डिंक चिकट होता. तो ओकदानच्या पोटाकडे बघून थोडा घुटमळला. पण शेजारच्या बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे त्याला मागे फिरता आलं नाही. तो म्हणाला, या फांद्या उचलायच्या, पाटलाच्या अंगणात न्यायच्या आणि तिथे अंगठा द्यायचा.

तेवढ्यात फानदोल पाठीवरच्या लाकडी चौकटीत मोळी घेऊन फाटकातून आत आला. एका नजरेत त्याला सगळं कळलं.

"मी तोडल्या," तो म्हणाला.

"मामंजी, खोटं कशाला बोलता," ओकदान म्हणाली. "मी तोडल्या."

"तिला कोयता धरता येत नाही. मी तोडल्या."

शिपाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "सोयरीक जुळवायला बसलायत का दोघं?" तो म्हणाला. कुंपणापाशी कुणीतरी हसलं. त्या हसण्याने शिपायाला धीर आला, आणि तो म्हाताऱ्याला अरे-तुरे करून बोलू लागला. आयुष्य जंगलात काढलंस, कायदा कळत नाही का तुला, वगैरे. फानदोलने मोळी खाली ठेवली, कमरेत वाकला आणि त्या पोराची माफी मागितली. त्याचं डोकं पोराच्या पट्ट्याच्या खाली गेलं. ओकदानने नजर दुसरीकडे केली.

मग पाचही फांद्या म्हाताऱ्याने आपल्या चौकटीत घातल्या. ओकदानने त्यातल्या दोन ओढून घेतल्या. तो देईना, तिने सोडल्या नाहीत. तशी ती दोघं गावातून चालत गेली, पुढे तो गुडघा ओढत, मागे ती पोट सावरत. पाटलाने अंगठे घेतले, फांद्या ठेवून घेतल्या आणि पुन्हा असं करू नका म्हणून सोडून दिलं. त्याच्या स्वतःच्या धुरांड्यातून काळाभोर धूर निघत होता. तो चिडाचाच होता.

परतताना ओढ्याच्या पुलावर ओकदानला रडू फुटलं. म्हातारा थांबला. पाण्याकडे बघत तो म्हणाला,

"चीड उथळ लाकूड आहे. पेटतं पटकन, आवाज मोठा, आणि जव शिजायच्या आत संपतं. जाताना नळ्यांत काजळी भरून जातं. त्याच्यासाठी रडू नये."

ओकदानने नाक पुसलं. "मग कशासाठी रडावं?"

"ओकसाठी," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे म्हणाला. ते ऐकून तिला हसू आलं, आणि आपण का हसतोय ते कळेना म्हणून आणखी आलं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज वर जाऊ लागला. उभ्या झाडाला हात न लावता वाळलेलं, पडलेलं, वाऱ्याने मोडलेलं तेवढंच आणायचं. सकाळी जव खाऊन निघायचा, उन्हं कलताना यायचा. एका खेपेला एक मोळी. गुडघा सुजला की रात्री त्याला मिठाच्या गरम पाण्याचा शेक घ्यायचा. ओकदानला वाटायचं, एवढं चालायचं तर ओढ्याकाठी वाळुंज आहे, पॉपलर आहे, तेच का नाही आणत. तिने एकदा विचारलं. म्हातारा म्हणाला, "बाळंतिणीच्या खोलीला ते चालत नाही."

पण ओकचीच सगळी रास होणं शक्य नव्हतं. मग तो मिळेल ते आणायचा आणि अंगणात वेगवेगळं रचायचा. ओकदान शेजारी बसून मक्याची कणसं सोलायची आणि ऐकायची. वाळुंज म्हणजे पाण्याची पिशवी, वर्षभर वाळवलं तरी चुलीत रडतं, टोकातून फेस येतो, धूर पुष्कळ आणि धग नाही. पॉपलर त्याचा भाऊ. भूर्जाचं लाकूड ठीक, पण साल सोन्यासारखी, पावसात भिजलेली असली तरी काडीला पेटते, म्हणून ती सोलून वेगळी ठेवायची. तुतीचं लाकूड छान जळतं, पण रेशमाच्या किड्यांना पानं लागतात, तुती कोण तोडतं. अक्रोड मध्यम. ओढ्याकाठचं ते तांबूस लाकूड, कापल्यावर रक्त आल्यासारखं दिसतं ते, लवकर वाळतं, न फुटता जळतं, सकाळच्या जाळाला बरं. सरकारने उतारावर लावलेलं काटेरी झाड, पांढऱ्या फुलांचं, ते ओलंसुद्धा जळतं, पण हात फाडतं.

"आणि चेस्टनट?" तिने मुद्दाम विचारलं.

"चेस्टनट खायचं," तो म्हणाला. "जाळायचं नाही."

ओक तो सगळ्यात शेवटी रचायचा, आणि रचताना प्रत्येक ओंडका आधी हातात तोलायचा, एकावर एक आपटून बघायचा. वाळलेला असेल तर टणक, लखलखीत आवाज येतो. ओला असेल तर ढब्ब. तिकडच्या भाषेत ओकला नुसतं 'खरं झाड' म्हणतात. का म्हणतात ते ओकदानला कुणी सांगितलं नव्हतं. हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा तिने ओकची दोन लाकडं घालून संध्याकाळची चूल लावली, आणि पहाटे उठून बघते तर राखेखाली निखारे लाल होते. जमिनीवर तळहात ठेवला तर तो उचलावासा वाटेना. तिने सासऱ्याला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी त्याच्या वाडग्यात जव जरा जास्त पडला.

कळा सुरू झाल्या तेव्हा बर्फ पडत होतं. उजाडायच्या सुमारास म्हातारा गुडघाभर बर्फातून समचोकवालीला बोलवायला गेला. समचोकवाली म्हणजे खालच्या आळीची विधवा. माहेर समचोकचं, म्हणून तिला सगळे तसंच म्हणायचे. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आली होती, आणि ती कुणालाही काहीही बोलायची.

बाळंतपण दुपारपर्यंत चाललं. फानदोल चुलीशी बसला होता. इथे पुरुष स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. टाकलं तर गडी हसतात. पण पाणी तापवायला दुसरं कुणी नव्हतं. आतून सुनेचा आवाज आला की तो एक लाकूड सरकवायचा. पुन्हा आवाज आला की पुन्हा एक. थोड्या वेळाने समचोकवालीने दार किलकिलं केलं. तिचा चेहरा घामाने निथळत होता.

"भावजी, बाळंतीण सोडवायची आहे की भाजायची आहे?"

त्याने घाईघाईने दोन जळती लाकडं ओढून बाहेर बर्फात टाकली.

मुलगी झाली. समचोकवालीने ते जरा हळूच सांगितलं, जसं सांगायची पद्धत आहे. म्हाताऱ्याने विचारलं, "रडते का?" ती म्हणाली, "ऐकू येत नाही का तुम्हाला." त्याला ऐकू येत होतं. त्याला नुसतं कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

फाटकावर डाव्या पिळाची पेंढ्याची दोरी बांधायची, म्हणजे तीन आठवडे, एकवीस दिवस, परका माणूस आत येत नाही. मुलगी असली की दोरीत कोळसा आणि चिडाची डहाळी खोवतात. कोळसे म्हाताऱ्याने जुन्या टोपलीतून निवडून काढले, सारख्या आकाराचे, चकचकीत. चिडाची डहाळी त्याने वीतभरच घेतली. समचोकवाली म्हणाली, शिपाई आला तर. तो म्हणाला, शिपायाची आईही बाळंत झाली असेल कधीतरी.

सासऱ्याने एकवीस दिवस बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं. मोठ्या खोलीतली गरम कड, चुलीकडची, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची जागा असते. तिथे आता ओकदान आणि मुलगी झोपल्या होत्या. समचोकवाली सकाळी येऊन समुद्रशेवाळाचं सार करून जायची. बाकी सगळं म्हाताऱ्याकडे होतं. पाणी, चूल, लंगोट वाळत घालणं. तो ते लंगोट बाहेरच्या दोरीवर न घालता स्वयंपाकघरात आडोशाला घालायचा, कुणाला दिसू नयेत म्हणून.

ओकदान पडून असायची. तिला दिसायचं फक्त छत आणि कागदी दार. पण जमीन होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की पाठीला कळतंय. पहाटे धग हलकी, पटकन चढणारी, म्हणजे तांबूस लाकूड. मधे एखादा कोरडा चट्‌ आवाज आणि गोड वास, म्हणजे भूर्जाची साल. मग बराच वेळ काही नाही. मग हळूहळू, जणू कुणी खालून गरम तळहात टेकवून ठेवलाय आणि काढायला विसरलंय, अशी धग चढायची आणि दुपारपर्यंत उतरायची नाही. ते ओक. मुलगी त्या धगीवर मूठ उघडून झोपायची.

दार बंदच असायचं. त्याच्या पलीकडून दिवसातून दोनदा आवाज यायचा.

"जमीन?"

"गरम आहे, मामंजी."

"पोर?"

"झोपली आहे."

एवढंच. सातव्या दिवशी ओकदान स्वतःहून म्हणाली, "आज सकाळी तुती घातलीत." पलीकडे पावलं थबकली. मग म्हातारा म्हणाला, "एकच काटकी होती. वाऱ्याने पडलेली." त्याच्या आवाजात चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याच्याखाली समाधानही होतं. त्यानंतर तो तिची परीक्षा घेऊ लागला. मुद्दाम मधेच अक्रोडाचं एखादं खांडकं घालायचा आणि विचारायचा नाही, नुसता दाराशी रेंगाळायचा. ती सांगायची. एकदा ती चुकली. त्या दिवशी त्याने दाराशी उभं राहून काटेरी झाड आणि अक्रोड यांच्या धगीतला फरक समजावून सांगितला. सुनेशी इतकं बोलणं त्याला वर्षभरात जमलं नव्हतं.

बाराव्या दिवसानंतर मोठं बर्फ पडलं. समचोकवालीला तीन दिवस येता आलं नाही. सार म्हाताऱ्याने केलं. खारट झालं होतं आणि शेवाळ नीट भिजलं नव्हतं, पण ओकदानने वाडगा पुसून संपवला. रानात जाणं बंद झालं. होतं तेवढ्या राशीवर निभवायचं होतं. जमीन मात्र एकदाही गार पडली नाही.

याच दिवसांत त्याला खोकला सुरू झाला. आधी सकाळीच यायचा, मग दिवसभर. ओकदानने विचारलं. तो म्हणाला, तीस वर्षं धूर खाल्लाय, तो बाहेर पडतोय. तिने विचारलं, तुमच्या बाजूने धूर का येतो, दाराच्या फटीतून वास येतो. तो म्हणाला, वाऱ्याने.

अठराव्या दिवशी सकाळी दाराशी "जमीन?" असं कुणी विचारलं नाही.

ओकदानने वाट पाहिली. मुलगी पाजून झाली. समचोकवालीने सार आणून ठेवलं आणि म्हातारा कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा ती उठली. समचोकवाली अडवायला लागली, तीन दिवस राहिलेत, वारा लागेल, हाडात शिरेल. ओकदानने दोन घागरे एकावर एक घातले, डोकं बांधलं आणि बाहेर पडली.

म्हाताऱ्याच्या खोलीचं दार लोटताच तिच्या तोंडातून वाफ निघाली. खोलीच्या आत. उशाशी पाण्याचा वाडगा होता, त्यातलं पाणी गोठून वर फुगलं होतं. फानदोल गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, कापसाचा कोट अंगात, डोक्याला फडकं. त्याचा श्वास घरघरत होता. तिने जमिनीवर हात ठेवला. दगड ओढ्यातल्यासारखा थंड होता.

ती बाहेर जाऊन त्याच्या चुलीत वाकली. आत वाळुंजाची दोन लाकडं होती, काळी, अर्धवट, टोकांना फेस गोठलेला. बाजूला पॉपलरची ओली खांडकं आणि थोडं चेस्टनट. ती तशीच अंगणात गेली आणि बर्फ झटकून रास बघितली. मोठ्या खोलीच्या बाजूला ओक रचलेलं होतं, दिवसादिवसाचं वेगळं, मधे आडव्या काटक्या घालून. अजून तीन दिवसांचं पुरं शिल्लक होतं. आणि वर आणखी चार दिवसांचं.

ती परत आली तेव्हा म्हातारा उठून बसायचा प्रयत्न करत होता. "तू बाहेर कशाला आलीस," तो म्हणाला. "दार लाव. वारा येतोय."

"वारा आतून येतोय," ओकदान म्हणाली. "मला खोटं सांगितलंत."

त्याला खोकला आला, तो थांबेपर्यंत ती उभी राहिली.

"दोक्पेच्या वेळी आम्ही वर रानात होतो," मग तो हळू आवाजात म्हणाला. "माघातली थंडी. भट्टीत ओक भरलं होतं, कोळशाला गिऱ्हाईक ठरलेलं. झोपडीत वाळुंज जाळलं. चौथ्या दिवशी जमीन गार पडली. त्याच्या आईच्या कमरेत गारठा शिरला तो शिरलाच. शेवटपर्यंत उठताना हात धरावा लागायचा. कधी बोलली नाही ती." त्याने गोधडीची कड ओढली. "मला लाकूड कळत नव्हतं असं नाही."

ओकदानने वाकून त्याच्या अंगाखालची सतरंजी ओढली. तो म्हणाला, काय करतेस. ती म्हणाली, मोठ्या खोलीत चला. तो म्हणाला, दोरी फाटकावर आहे अजून, सून-सासरा एका खोलीत म्हटल्यावर गाव काय म्हणेल. समचोकवाली दारात उभी होती. ती म्हणाली, गावाला काय सांगायचं ते मी सांगते भावजी, तुम्ही उठा आधी. आणि तिने त्याच्या काखेत हात घातला.

दोघींनी त्याला अंगणातून नेलं. तो मधेमधे पाय रोवून थांबत होता, पण त्याचं वजनच उरलं नव्हतं. मोठ्या खोलीत मधोमध दोरी बांधून त्यावर एक चादर टाकली. गरम कडेला, जिथे अठरा दिवस ओकदान झोपली होती, तिथे त्याचं अंथरूण घातलं. तो तिकडे जाईना, ही बाळंतिणीची जागा म्हणाला. ओकदान म्हणाली, "मामंजी, बसा," आणि ते इतक्या ठाम आवाजात म्हणाली की तो बसला.

पाठ टेकल्यावर त्याचे डोळे आपोआप मिटले. मग उघडले. मुलगी जवळच होती, उघड्या मुठींनी झोपलेली. त्याने पहिल्यांदाच तिला पाहिलं. त्याने हात पुढे केला, काजळीने भरलेली तीन बोटं, आणि मधेच थांबवला. ओकदानने मुलगी उचलून त्याच्या शेजारी गोधडीत ठेवली. त्याने हात तिच्यावर न ठेवता तिच्या बाजूला, जमिनीवर ठेवला.

ओकदान स्वयंपाकघरात गेली. समचोकवाली मागून काहीतरी बडबडत होती, ते तिने ऐकलं नाही. तिने राशीतून ओकचा पुढचा वाटा उचलला, एकावर एक आपटून बघितला, आणि चुलीच्या तोंडाशी हळूहळू खाली बसली. राख सारून निखारे पुढे ओढले.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, खोकल्याने चिरलेला. "दोन पुरे. अजून माघ जायचा आहे."

तिने चार घातली.